थंडीत ट्रॅक्टर सकाळी लवकर सुरू होत नाही, पांढरा धूर लई. डिझेलचा पंप खोलायच्या आधी काय काय तपासू?

काळंरान (जिंतूर, जि. परभणी)
राम राम मंडळी. ४५ एचपी, तीन सिलेंडर, साधा मेकॅनिकल पंप, टर्बो नाही. मीटरवर ४२०० तास. सकाळी सहा-साडेसहाला दहा-बारा वेळा सेल्फ मारावा लागतो. धुराड्यातून पांढरा धूर भकाभका येतो, डोळे चुरचुरतात. सुरू झाल्यावर दोन-तीन मिनिटं मिसिंग (एखादं सिलेंडर पेटत नाही, इंजिन अडखळतं), मग ठीक. दुपारी अर्ध्या सेल्फला सुरू. रोटाव्हेटरला लावला की काळा धूर. डिझेलचे दोन्ही फिल्टर नवे आहेत. बॅटरी ८८ एएच, दोन वर्षांची. मिस्त्री म्हणतात पंप उतरवून टेस्टिंगला पाठवा. खर्च मोठा आहे, म्हणून आधी विचारतो. विहिरीवर पाच एचपीचं हँडलचं इंजिन आहे, त्याचीही सकाळी हीच तऱ्हा.

नोझलवाला (परभणी)
भाऊ, पंपाला हात लावू नका. तुमच्याच लिहिण्यात अर्धं उत्तर आहे. सेल्फ मारताना पांढरा धूर येतो म्हणजे डिझेल सिलेंडरमध्ये पोहोचतंय, फक्त पेटत नाही. धूरच आला नसता तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा डिझेल पोहोचत नाही असं धरून हवा, फिल्टर, स्टॉपची (इंजिन बंद करायच्या खिट्टीची) वायर इकडं बघायचं असतं. पान्हा हातात घेण्याआधी ही एक वाटणी करा, निम्मं काम वाचतं.

डिझेल इंजिनला ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, त्या दाबानं हवा पाचशे अंशांच्या वर तापते आणि फवारा तिच्यात पेटतो. सेल्फ हळू फिरला तर दाबलेल्या हवेला रिंगांमधून निसटायला जास्त वेळ मिळतो आणि तिची उष्णता गार लायनर (सिलेंडरचा आतला नळा) खाऊन टाकतो. म्हणून परभणीकडं पारा दहाच्या खाली गेला की कमजोर बॅटरी आधी उघडी पडते. दुपारी तीच बॅटरी चालते, कारण ऑइल पातळ झालेलं असतं.

मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी सकाळी काही न लावता मोजा: १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.० म्हणजे जवळजवळ रिकामी. मग स्टॉप ओढून धरा म्हणजे इंजिन पेटणार नाही, आणि पाच सेकंद सेल्फ मारताना बॅटरीच्या खुंट्यांवर मोजा. ९.६ च्या खाली जायला नको. तसाच सेल्फ मारत अजून दोन मोजमापं घ्या. एक, बॅटरीच्या वजा खुंटीपासून इंजिनच्या उघड्या लोखंडापर्यंत, ०.३ च्या आत पाहिजे. दुसरं, अधिक खुंटीपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत, ०.५ च्या आत. आकडे इथं टाका, मग पुढचं बोलू.

गोदाकाठ (नांदेड)
वरच्या दादांचं बरोबर आहे. तरी एक भर घालतो. पहिल्या दोन-तीन सेल्फला धूर नसेल आणि नंतर सुरू होत असेल, तर रात्रीतून डिझेल टाकीकडं उतरतंय आणि तिथं हवा शिरतेय. फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाचा) नॉन-रिटर्न व्हॉल्व, म्हणजे डिझेल मागं जाऊ न देणारा, फिल्टरच्या बॅन्जो बोल्टखालचे (नळी जोडायच्या पोकळ बोल्टखालचे) तांब्याचे वायसर, आणि टाकीपासूनची रबरी नळी ही तीन ठिकाणं. बाहेरून डिझेल गळत नाही म्हणजे जोड चांगला आहे असं धरू नका. ओढणीच्या बाजूला हवा आत जाते, डिझेल बाहेर येत नाही. फीड पंपाच्या पुढं वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडा, रात्रभर ठेवा. सकाळी नळीत बुडबुडा किंवा रिकामी जागा दिसली की चोर तिथंच.

हवा काढताना आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हँड प्रायमर मारा, बिनबुडबुड्याचं डिझेल आलं की घट्ट करा. मग पंपावरचा. त्यानंतरही सुरू झालं नाही तरच नोझलकडच्या (सिलेंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीकडच्या) पाइपचे नट अर्धा आटा सैल करून सेल्फ मारा. वायसर नवे टाका, रुपयांचा मामला आहे.

ऊसतोड_वाहतूक (माजलगाव)
सुरू होत नाही म्हणून स्प्रे मारायची सवय लागली असेल तर आजच बंद करा. ईथर डिझेलच्या आधी आणि फटकन पेटतं, पिस्टन अजून वर येत असताना. रिंगा तुटतात, कधी पिस्टनलाच चीर जाते. मॅनिफोल्डमध्ये हीटर किंवा ग्लो प्लग असलेल्या इंजिनात तर स्फोटच. रॉकेल मिसळायचा सल्ला कुणी दिला तरी ऐकू नका. पंपाला वंगण डिझेलचंच असतं, रॉकेलनं प्लंजर (पंपातला दट्ट्या) घासतो.

सुरू करताना क्लच पूर्ण दाबा म्हणजे सेल्फला गिअरबॉक्समधलं घट्ट ऑइल ढवळावं लागणार नाही. पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) सुटा, हायड्रॉलिकचा दांडा खाली, रेस अर्धी. सेल्फ एका दमात दहा सेकंदांच्या वर नको, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा. लागोपाठ मारला की बॅटरी बसते आणि सेल्फही तापतो.

काळंरान
आकडे घेतले. सकाळी उभ्यानं १२.४५. सेल्फ मारताना बॅटरीवर ८.९. वजा खुंटी ते इंजिन ०.९. अधिक बाजू ०.३. धूर पहिल्याच सेल्फपासून पांढरा, त्यामुळं हवा धरत नसावी. स्प्रे वापरत नाही. इंजिन ऑइल २०डब्ल्यू-४० आहे.

नोझलवाला
सापडलं. वजा बाजूला ०.९ म्हणजे ८.९ मधून सेल्फपर्यंत जेमतेम ८ व्होल्टच पोहोचतात. १२ चा सेल्फ ८ वर फिरवताय. अर्थची पट्टी (वजा खुंटीची) दोन्ही टोकांनी काढा. बहुतेक वेळा चेसीच्या टोकाखाली रंग किंवा गंज असतो. पॉलिश पेपरनं लोखंड चकचकीत करा, नट आवळा, वरून ग्रीस लावा. पट्टीच्या तारा आतून हिरव्या पडल्या असतील तर पट्टीच बदला. आणि ती चेसीला न लावता थेट इंजिनच्या किंवा सेल्फच्या बोल्टला न्या. ट्रॅक्टरमध्ये मध्ये रंगवलेले जोड फार असतात.

बॅटरी मात्र ८.९ ला उतरतेय हेही बरोबर नाही. हायड्रोमीटरनं (आम्लाची घनता मोजायची नळी) सहाही घरं मोजा. एखादं घर बाकीच्यांपेक्षा ०.०५० नं खाली असेल तर ती बॅटरी गेली. सगळी सारखीच खाली असतील तर चार्जिंग कमी पडतंय. इंजिन मध्यम रेसवर असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ दिसलं पाहिजे, नाहीतर बेल्ट ढिला किंवा अल्टरनेटर. पाणी फक्त डिस्टिलचं, प्लेटांच्या वर १० ते १५ मिमी.

ऑइल पुढच्या वेळी १५डब्ल्यू-४० घ्या, मॅन्युअलमध्ये चालत असेल तर. गरम इंजिनात दोन्ही सारखेच जाड असतात. फरक सकाळच्या गारठ्यातच पडतो, आणि तुमची अडचणही तिथलीच आहे.

टॅपेट_फीलर (लातूर)
दोन गोष्टी राहिल्या. टॅपेट (व्हॉल्वच्या वरची फट) कधी सेट केले होते? घट्ट टॅपेटचा व्हॉल्व पूर्ण बसत नाही आणि गार इंजिनात दाबच होत नाही. फट मोजायची फीलर गेजची पट्टी मॅन्युअलमधल्या मापाचीच घाला, इंजिनाप्रमाणं माप बदलतं आणि गार का गरम तेही लिहिलेलं असतं.

दुसरी, थर्मोस्टॅट (पाणी तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारा व्हॉल्व) आहे का काढलाय? आपल्याकडं उन्हाळ्यात इंजिन तापतं म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायची पद्धत पडली आहे, आणि ती इंजिनाच्या मुळावर येते. तो नसला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं, थंडीत इंजिन अर्धा-अर्धा तास कोमटच राहतं. धूर, मिसिंग, डिझेल जास्त, आणि न जळलेलं डिझेल लायनरवरून उतरून ऑइल पातळ करतं. ऑइल मोजायच्या काडीवर ऑइल वाढलेलं दिसलं आणि डिझेलचा वास आला तर हेच किंवा गळकं नोझल. थर्मोस्टॅट तपासायचा तर पातेल्यात पाणी तापवून त्यात सोडा. त्याच्यावर अंश छापलेले असतात, बऱ्याच इंजिनांत ८२ च्या आसपास. तेवढ्यावर तोंड उघडायला लागलं तर तो चांगला. उन्हाळ्यात तापत असेल तर दोष जाळीत अडकलेल्या भुशाचा किंवा आतल्या क्षारांचा, थर्मोस्टॅटचा नाही.

मळणी_सीझन (बीड)
काळ्या धुराबद्दल कुणी बोललं नाही. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानानं हवा कमी. तुरीची मळणी चालू असेल तर एअर क्लीनर रोज उघडा, तासांचा हिशोब त्या दिवसांत विसरा. ऑइलवाला क्लीनर असेल तर वाटीच्या तळाशी बोटाच्या पेराइतका, साधारण १ सेंमी, गाळ बसला की ऑइल बदला. जाळी डिझेलमध्ये धुऊन पूर्ण निथळू द्या. ऑइल खुणेपर्यंतच. जास्त भरलं तर इंजिन ते ओढतं, निळा धूर येतो आणि रेस आपोआप वाढू शकते.

कागदी फिल्टर असेल तर हवा आतून बाहेर मारा, २ बारच्या आत. टायरच्या दुकानातला पूर्ण दाब जवळून मारला की कागदाला सुईएवढी भोकं पडतात, ती डोळ्याला दिसत नाहीत. आतला छोटा फिल्टर साफ करत बसू नका, तो बदलायचाच असतो.

आणि क्लीनरनंतरची रबरी नळी काढून आत पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर मातीचा रंग आला तर क्लॅम्प ढिला आहे आणि धूळ सरळ सिलेंडरमध्ये जातेय. ही धूळच लायनर-रिंगा खाते, आणि दोन वर्षांनी सकाळी सुरू न होण्याचं कारण होते. फिल्टर साफ असून रोटाव्हेटरला काळा धूर येत असेल तर एक गिअर खाली घेऊन बघा. काळ्या ओल्या रानात इंजिन दबलं की कुठलाही ट्रॅक्टर काळं ओकतो. पंपाचं सील तोडून कुणी डिझेल वाढवलं असेल तर मात्र टेस्ट बेंचवरच कमी करून घ्यावं लागेल.

सूतगिरणीरोड (धाराशिव)
माझा प्रश्न उलटा आहे. सकाळी लगेच सुरू होतो. दोन तास चालवून बंद केला की गरम असताना सुरूच होत नाही, पंपावर ओलं फडकं टाकलं की होतो. गोल, रोटरी पंप.

नोझलवाला
दादा, तुमच्या बाबतीत मात्र पंप खोलावाच लागेल. रोटरी पंपाचा हेड-रोटर (आतला डिझेल दाबणारा फिरता भाग) झिजला की गरम, पातळ डिझेल फटीतून मागं सरकतं. सेल्फच्या कमी वेगावर दाब तयार होत नाही, गार फडक्यानं डिझेल घट्ट होतं म्हणून चालतो. फडक्याची सवय लावून घेऊ नका. हेड-रोटर बदलताना टाकीही धुवा, पाण्यानं आणि कचऱ्यानंच तो झिजतो.

बॅरल_डिझेल (गंगाखेड)
थंडीत डिझेल गोठतं म्हणतात ते आपल्याकडं होतं का?

गोदाकाठ
पेट्रोल पंपावरून ताजं घेतलेलं सहसा नाही. आयएस १४६० या डिझेलच्या भारतीय मानकात, मेणानं गाळणी अडण्याचं तापमान नोव्हेंबर ते फेब्रुवारी जास्तीत जास्त ६ अंश आणि बाकी महिन्यांत १८ अंश ठरवलं आहे. अडचण होते ती सप्टेंबरात भरून ठेवलेल्या बॅरलची. ते उन्हाळी मापाचं असतं, डिसेंबरच्या पहाटे फिल्टर जड पडू शकतो. जुनं बॅरल दिवाळीआधी संपवा. ट्रॅक्टरची टाकी संध्याकाळी भरून ठेवा म्हणजे आत हवा कमी राहते आणि दव धरत नाही.

काळंरान
अर्थची पट्टी बदलली, थेट सेल्फच्या बोल्टला नेली. वजा बाजू आता ०.१५. बॅटरी बाहेर फुल चार्ज केल्यावर सेल्फ मारताना ९.९. तिसऱ्या सेल्फला सुरू होतोय. थर्मोस्टॅट नव्हताच, बसवला. सुरुवातीचं मिनिटभर मिसिंग आणि थोडा पांढरा धूर अजून आहे. विहिरीच्या इंजिनाचं काय करू?

टॅपेट_फीलर
विहिरीच्या इंजिनाला आधी डीकॉम्प्रेशनचा (सिलेंडरचा दाब सोडणारा) दांडा उचलून दहा-पंधरा फेरे मोकळे फिरवा. नोझलमधून 'कर्र कर्र' असा फवाऱ्याचा आवाज कानाला आला की डिझेल पोहोचलं. मग जोरात वेग घेऊन दांडा सोडा. आवाज येत नसेल तर हवा काढा. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, दांड्याभोवती गुंडाळू नका. उलटा झटका बसला तर अंगठा आणि मनगट दोन्ही जातात.

नोझलवाला
मिसिंगचं सिलेंडर शोधा. गार इंजिन सुरू करून एकेका नोझलचा पाइप-नट क्षणभर सैल करायचा. ज्याचा नट सैल करूनही आवाज बदलत नाही ते सिलेंडर काम करत नाही. डोळ्याला चष्मा लावा, फवाऱ्यासमोर हात नको, डिझेल कातडीतून आत घुसतं. सीआरडीआय (कॉमन रेल) इंजिनात हा प्रयोग कधीच करायचा नाही, तिथं दाब हजार बारच्या वर असतो. ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ हे धुराचे नियम लागू आहेत, त्यांना स्कॅनरच लावा.

मग तिन्ही नोझल एकदम टेस्टरवर न्या, एकच नको. उघडण्याचा दाब मॅन्युअलइतका पाहिजे, आणि तिघांत फरक पडता कामा नये. त्या दाबाच्या १०-२० बार खाली दहा सेकंद धरल्यावर टोकाला थेंब जमू नये. फवारा धुक्यासारखा पाहिजे, धार नको.

बसवताना टॉर्चनं भोकात उजेड मारून बघा. जुना तांब्याचा वायसर खाली चिकटून राहतो आणि त्याच्यावर नवा बसतो. दोन वायसर झाले की नोझलचं टोक वर राहतं, फवारा पिस्टनच्या वाटीत पडायच्या ऐवजी कडेला आपटतो आणि नोझल नवं असूनही पांढरा धूर तसाच राहतो. वाकवलेल्या तारेनं जुना वायसर काढा, बैठक कापडानं पुसा, नवा एकच टाका, आणि दोन्ही नट आलटूनपालटून थोडे थोडे आवळा.