टॅग आंधळा आहे म्हणून कॅमेरा हवा, ठेकेदाराच्या दिवाळीसाठी नव्हे

लेनमधला:
काल 'रोजचा_सातारा' यांनी पोस्ट टाकली: "फास्टॅग सक्तीने चिकटवून घेतला, आता म्हणे नंबरप्लेट वाचणारे कॅमेरेही लावणार. टॅग चालतो तर कॅमेरा कशाला? ठेकेदाराची दिवाळी." खाली टाळ्यांचा पाऊस. राहवलं नाही म्हणून वेगळा धागा काढतोय.

मी सहा वर्षं टोलच्या लेनमधली यंत्रं दुरुस्त केली आहेत. टॅगला बॅटरी नसते. वरच्या अँटेनातून ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या लहरी येतात आणि त्यांच्याच जोरावर टॅग आपला नंबर परत पाठवतो. त्या लहरींना लेनची पट्टी कळत नाही. शेजारी टँकर उभा असला की त्याच्या पत्र्यावर आपटून लहर भलतीकडे जाते आणि तिकडचा टॅग इकडे वाचला जातो. कधी रांगेतल्या दुसऱ्या गाडीचा टॅग आधी लागतो. मग पहिल्याचं फाटक दुसऱ्याच्या पैशानं उघडतं. दुसरा पुढे आला की त्याचा टॅग "आत्ताच वाचलाय" म्हणून यंत्र गप्प, आणि मागे हॉर्नचा गजर.

रीडरची ताकद कमी केली तर शेजारचे टॅग लागायचे थांबतात, पण मग उन्हाला अडवणाऱ्या धातूच्या लेपाच्या काचा असतात ना, त्यांच्या मागचे टॅग मुके होतात. मी शिडीवर उभा राहून अँटेना दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे करत अख्ख्या दुपारी घालवल्या आहेत. कॅमेरा इथे एवढंच विचारतो: टॅग म्हणतोय तीच पाटी समोर आहे का? जुळली तर कापा, नाही तर थांबा. कारचा टॅग टेम्पोला लावून फिरणारेही त्यातच सापडतात. यात दिवाळी कुठे दिसली?

रोजचा_सातारा:
छान समजावलंत. आता माझं ऐका. गेल्या पावसाळ्यात रविवारी सकाळी मी घरी पोहे खातोय, गाडी खाली पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली. मोबाईलवर मेसेज: टोल कापला. मी गॅलरीतून वाकून गाडी आहे ना ते बघितलं! बँकेला फोन केला, त्यांनी १०३३ या महामार्ग हेल्पलाइनला लावायला सांगितलं. १०३३ वाले म्हणाले बँकेशी बोला. तीन आठवडे हा खेळ. त्या नाक्यावर कॅमेरा होता, साहेब. फोटो मागितला तर म्हणे "अंतर्गत वापरासाठी आहे".

तुमचा कॅमेरा नाक्याचा साक्षीदार आहे, माझा नाही.

लेनमधला:
टॅग घरी ताडपत्रीखाली असताना नाक्यावर वाचला जाणं शक्यच नाही. म्हणजे लेनमधल्या पोरानं कुठल्या तरी न वाचलेल्या गाडीचा नंबर हातानं टाकला आणि एक आकडा चुकला. हा माणसाचा घोळ. कॅमेऱ्यानं वाचलेली पाटी सिस्टीमला जोडलेली असती तर हा घोळ तिथल्या तिथे पकडला गेला असता. तुमची गोष्ट माझ्याच बाजूची आहे.

रोजचा_सातारा:
वा! पैसे माझे गेले आणि बाजू तुमची झाली.

मालवाहू_सांगली:
आमच्या ट्रकांचं कुणी बोलणार का? पुढची पाटी चिखलानं माखलेली, दसऱ्याला वर झेंडूचा हार, बंपरवर लिंबू-मिरची. हा कॅमेरा काय वाचणार, कपाळ? आणि गाडी वाचली गेली नाही की पहिला संशय आमच्यावर. ड्रायव्हरला खाली उतरवून पाटी पुसायला लावतात, मागून लोक शिव्या घालतात. ५०० किलोमीटरच्या फेरीत किती वेळा पुसायची?

कर्वेनगरची_मावशी:
मला एक कळत नाही, केवायव्हीसाठी, म्हणजे टॅग त्याच गाडीचा आहे ना त्या पडताळणीसाठी, गाडीच्या पाटीचा आणि टॅगचा फोटो आपणच काढून अपलोड केला ना? मी भर उन्हात सोसायटीच्या आवारात गुडघे टेकून फोटो काढले, दोनदा रिजेक्ट झाले. तिसऱ्यांदा वॉचमनला काढायला लावला, तो पास. म्हणजे कॅमेरा माझा, डेटा माझा, गुडघे माझे. आणि वर नाक्यावर पुन्हा तेच?

मोडीवाचक:
सगळे मूळ मुद्दा सोडून बोलताय. हे कॅमेरे मराठी पाटी वाचतात का? माझ्या काकांच्या जीपवर "मह १२" अशी सुरेख देवनागरी पाटी होती. दुकानावर मराठी पाटी नसेल तर दंड, गाडीवर असेल तर दंड! हे आपल्याच राज्यात.

लेनमधला:
केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ५० वा नियम बघा. अक्षरं इंग्रजी, आकडे आंतरराष्ट्रीय. हा नियम कॅमेऱ्यांच्या आधीपासूनचा, १९८९ चा आहे. कॅमेऱ्याला कशाला शिव्या?

मोडीवाचक:
नियम बदलता येतो. यंत्राला चिनी, अरबी, थाई पाट्या वाचता येतात, देवनागरी का नाही? की मराठीचं नाव आलं की नियमपुस्तक उघडायचं?

मालवाहू_सांगली:
आता हा धागा मराठी पाटीवर गेला. संपलं.

घाटवाट:
संपलं कुठे, आत्ता रंगात येतोय. मोडीवाचक, प्रेम ठीक आहे, पण आपले आकडे कॅमेऱ्याला किती फसवतात बघा. इंग्रजी शिकलेलं सॉफ्टवेअर आपला १ बघून ९ म्हणेल, ७ ला ६ म्हणेल, ४ ला ८ म्हणेल. "४१७१" अशी पाटी "८९६९" वाचली गेली आणि त्या नंबरची गाडी सोलापुरात कुणा मास्तरांची असली, तर टोल मास्तरांना! अचूकता वाढवायला कॅमेरा आणला आणि तोच नवीन माणसाला गोवतोय.

आणि देवनागरी सोडा, इंग्रजी आकड्यांतही आपण काय कमी कलाकार आहोत? ४१४१ ला वळण देऊन "दादा", २१४ चं "राम", ८०५५ म्हणजे "बॉस". कॅमेरा बिचारा दादा वाचणार की ४१४१?

मोडीवाचक:
दादा-बॉस वाल्यांना आणि देवनागरीला एका मापात मोजू नका. ती हौस आहे, ही लिपी आहे.

कर्वेनगरची_मावशी:
म्हणूनच एचएसआरपी, ती हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, आली ना. एक ठसा, एक अक्षर, सगळ्यांना सारखं. पण तिचीही गंमत! १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाडीला कंपनीतूनच लागलेली, जुन्यांना आपल्या खिशातून. कारला ७४५ आणि वर जीएसटी, दुचाकीला ४५०. मुदत किती वेळा वाढवली मोजणंही सोडलं. मी पहिल्याच मुदतीत धावत जाऊन लावली. शेजारच्यांनी नाही लावली, त्यांना मुदतवाढ. नियम पाळणारा मूर्ख.

मोडीवाचक:
आणि त्या एचएसआरपीवर मराठी एक अक्षर नाही. लिहून ठेवा.

लेनमधला:
लिहून ठेवलं. आता मूळ प्रश्नावर येऊ का?

टोरांटोकर:
थोडं बाहेरून सांगतो, रागावू नका. इथला ४०७ हायवे १९९७ पासून टोलनाक्याशिवाय चालतो. ट्रान्सपाँडर, म्हणजे आपल्या टॅगसारखं यंत्र, असेल तर रेडिओवर, नसेल तर पाटीचा फोटो काढून बिल घरी. फोटोवाल्यांना दर फेरीला कॅमेऱ्याचा जादा आकार. म्हणजे इथे कॅमेरा टॅगला पर्याय आहे आणि तपासनीसही.

रोजचा_सातारा:
वाटच बघत होतो, परदेशातून ज्ञानाचं पार्सल कधी येतंय. साहेब, तिकडे बिल चुकलं तर तुम्ही पत्र लिहिता आणि कुणी तरी वाचतं. इथे आधी पैसे कापतात, मग आपण पत्र लिहितो आणि ते वाचायला कॅमेराही नसतो.

टोरांटोकर:
बिल थकलं तर इथे गाडीच्या पाटीचं नूतनीकरण अडवतात. लोक इथेही बोंबलतातच. स्वर्ग नाही हा.

लेनमधला:
टोरांटोकरांनी काढलाच आहे विषय, तर ऐका. गुजरातेत चौऱ्यासी नाक्यावर फाटकाशिवायच्या टोलचा करार २०२५ च्या ऑगस्टमध्ये झाला. फाटकच नसेल तर टॅग न लागलेली गाडी थांबवणार कोण? पोरगं हातातलं स्कॅनर घेऊन काचेशी येऊन "जरा मागं घ्या साहेब" म्हणणार नाही. तिथे पाटी हाच एकमेव पुरावा. आज फाटक आहे तोवर कॅमेऱ्याच्या चुका दुरुस्त करून घ्या, नाही तर उद्या त्या सरळ घरी येतील.

मालवाहू_सांगली:
म्हणजे आम्ही आत्तापासून सराव करायचा, असंच ना? हातात टॅग धरून दाखवणाऱ्यांना काळ्या यादीत टाकायचं जुलै २०२५ मध्ये ठरलं, ते पटलं मला. एक टॅग तीन गाड्यांना फिरवणारे आमच्यातही आहेत, खोटं कशाला बोलू. पण प्रामाणिक माणसाची काच फुटली, नवीन काच बसली, टॅग गेला, तर तो हातातच धरणार ना चार दिवस?

घाटवाट:
माझी एक शंका. टॅग म्हणतो अमुक, कॅमेरा म्हणतो तमुक. दोघांत खरा कोण? दोन घड्याळं घातलेल्या माणसाला वेळ कळत नाही.

लेनमधला:
दोन घड्याळं जुळली नाहीत तर तिसऱ्याला विचारतात. तिसरं म्हणजे गाडीची उंची, चाकांच्या आसांची संख्या मोजणारं यंत्र, आणि शेवटी खोलीत बसून फोटो बघणारा माणूस. मान्य करतो, तो माणूस सगळीकडे नसतो. मी जिथे होतो तिथे रात्रपाळीला एकच जण होता आणि पहाटे तो "सगळं बरोबर" करून टाकायचा. यंत्राचा दोष नाही तो.

रोजचा_सातारा:
आत्ता आलात वळणावर! मी दुसरं काय म्हणत होतो? ठीक आहे, लावा कॅमेरे. पण पैसे कापल्याच्या मेसेजमध्येच त्या क्षणाच्या फोटोची लिंक द्या. पाटी माझी नसेल तर एका बटणात पैसे परत. एवढं झालं तर मी माझी पोस्ट मागे घेतो. अर्धी.

लेनमधला:
हे पटलं. चिडून का होईना, कामाचं बोललात. फोटो सर्व्हरवर पडूनच असतो, पाठवायला फार खर्च नाही.

कर्वेनगरची_मावशी:
आणि शेजारच्या गाडीतला माणूस त्या फोटोत दिसला तर? मला नको बाई, कुणाच्या मोबाईलवर माझा तोंडात वडा धरलेला फोटो.

लेनमधला:
फक्त पाटीचा तुकडा कापून पाठवायचा, मावशी. वडा येणार नाही.

मोडीवाचक:
आणि त्या तुकड्यावर ४ असेल तर तो ८ वाचणार. म्हणूनच मघापासून सांगतोय, यंत्राला देवनागरी शिकवा.