स्प्रिंग बदलली म्हणजे पिस्तूल कमरेला लावायचं झालं?

बारीक कानस
कालच्या धाग्यात एकाने ठोकून दिलंय: "दुसऱ्या महायुद्धातलं एम१९११ए१ (.४५ चं अमेरिकन लष्करी पिस्तूल) घ्या, १६ पौंडांची नवी रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, पुढे ढकलणारी) घाला, पोलादावर फॉस्फेटचा थर नव्याने चढवा, रोज बाळगायला तयार." तयार काय, डोंबल! त्यात फायरिंग पिन (काडतुसावर आदळून बार उडवणारी) अडवणारा भागच नाही. ग्रिप सेफ्टी चाप अडवते, अंगठ्याची सेफ्टी सिअर (घोडा धरून ठेवणारी कळ) अडवते. पिनला आडकाठी फक्त तिच्या इवल्याशा स्प्रिंगची. पिस्तूल नळीच्या तोंडावर पडलं की पिन स्वतःच्या वजनानेच पुढे जाऊ शकते. आधी ती स्प्रिंग बदला, कडक घ्या, पिन हलक्या टायटॅनियमची बसवा. शिवाय त्या काळी सगळी स्लाइड कडक करत नसत, मोजक्या जागाच. तडे दाखवणारा पेनिट्रंट रंग लावून इजेक्शन पोर्टचे (रिकामं काडतूस बाहेर पडतं त्या खिडकीचे) कोपरे आणि नळीखालचे लग (दात) तपासल्याशिवाय एकही काडतूस भरू नका.

तेलकट
मग अमेरिकन लष्कर काय करत होतं? १९४५ नंतर नवी घेतलीच नाहीत. १९८५ मध्ये एम९ हे नवं पिस्तूल येईपर्यंत हीच उघडून, नळ्या बदलून, फॉस्फेट चढवून वापरली. चाळीस वर्षं!

बारीक कानस
वापरली, पण बहुधा चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) रिकामं ठेवून. तुमचा गडी चेंबर भरून, घोडा चढवून हिंडणार. हा फरक दिसत नसेल तर पुढे बोलणंच खुंटलं.

मूळरंग
फॉस्फेट शब्द वाचूनच डोकं तापलं. त्याआधी रेतीचा फवारा मारला की पोलादावर ठोकलेल्या शिक्क्यांच्या कडा गोल होतात. तो थर परत येत नाही, किंमतही परत येत नाही.

तेलकट
कपाटात ठेवायचं असेल तर नका मारू. फॉस्फेट स्वतः गंज रोखत नाही, तेल धरून ठेवतं. थर घासून गेला तिथे तेल टिकत नाही आणि घामातलं मीठ पोलादाला लागतं. फवारा बारीक, कमी दाबाचा, शिक्के झाकून. नळीला दोन्हीकडून बुचं. मग ९० अंशांच्या आसपास मँगनीज फॉस्फेट, बुडबुडे थांबेपर्यंत. धुऊन गरम असतानाच तेलात.

मूळरंग
आणि जुना थर काढायला ॲसिड? त्यात स्प्रिंगाही टाकत असाल. हायड्रोजन शिरतो, ठिसूळ होतात, एक दिवस कट्कन तुटतात.

तेलकट
स्प्रिंगा टाका असं कुठे लिहिलंय मी? आधी वाचा, मग भांडा.

चौथा चाप
रंगावरून चाललेलं हे भांडण बघून हसू येतंय. गोळी भरली जाते का ते कुणी विचारलंच नाही. एक्स्ट्रॅक्टर (काडतूस पकडून बाहेर ओढणारं नख) तपासा: स्लाइड उतरवा, नळी काढा, डमी काडतूस नखाखाली सरकवा, हलकेच हलवा. पडलं तर ताण गेला. सुटं काडतूस चेंबरमध्ये टाकून स्लाइड सोडायची सवय असेल तर नख तुटणारच. भरायचं ते मॅगझिनमधूनच. आणि पोकळ टोकाच्या गोळ्यांचा हट्ट कशाला? गोळी ज्यावरून चेंबरमध्ये चढते तो उतार २३० ग्रेनच्या गोल टोकासाठी आहे. फ्रेमचा उतार आणि नळीचा उतार यांत साधारण ०.८ मिमीची पायरी लागते. पॉलिश करणारे उत्साही लोक तीच घासून टाकतात, मग गोळी नळीच्या कडेला ठेचकाळते.

तेलकट
बरोबर. आणि १६ पौंड अडखळतंय म्हणून कुणी १८.५ ची घालू नये. स्लाइड पुढे येताना लग आणि स्लाइड स्टॉप (स्लाइड अडवणारी खिटी) बडवत बसते.

बारीक कानस
चला, म्हणजे "स्प्रिंग बदला की झालं" हे चूक, एवढं तरी पदरात पडलं. पिन, तिची स्प्रिंग, एक्स्ट्रॅक्टर, तडे, एवढं सगळं झाल्यावर लावा कमरेला. मी आडवा येणार नाही. माझी मर्जी नाहीच, पण आडवा येणार नाही.

मूळरंग
रेमिंग्टन रँड कंपनीचं, आधीच लष्कराने दुरुस्त केलेलं असेल तर फॉस्फेटच्या हौदात बुडवा खुशाल. शिलाई मशीनवाल्या सिंगरचं हाती लागलं (१९४१ मध्ये ५००च बनली) तर हौद पेटवण्याआधी मला व्यनि करा. आणि तेलकट यांना कळवू नका.