डायलिसिसचा रुग्ण, रक्तात स्टॅफ ऑरियस जंतू: १४ दिवस पुरतील का?

प्रश्न (मेडिसिन रेसिडेंट)
वय ६४, २० वर्षांचा मधुमेह, मानेतल्या टनेल्ड कॅथेटरवर (त्वचेखालून नेऊन मोठ्या शिरेत ठेवलेली नळी) आठवड्याला ३ डायलिसिस. ब्लड कल्चरच्या (रक्तातला जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) दोन्ही सेटमध्ये स्टॅफ ऑरियस, मेथिसिलिनला संवेदनशील, म्हणजे त्या गटातली औषधं लागू पडतात. तिसऱ्या दिवशी ताप गेला, बीपी स्थिर. १४ दिवसांत अँटिबायोटिक थांबवावं का? चार्लसन स्कोअर (जुन्या आजारांना गुण देणारी मोजणी) बराच येतोय, त्यावरून नातेवाइकांना काय सांगायचं?

उत्तर (संसर्गरोग)
नाही, १४ दिवसांवर थांबू नका. डायलिसिसच्या रुग्णात हा जंतू हृदयाच्या झडपेवर किंवा मणक्यात ठाण मांडून बसतो, आणि ताप उतरला तरी तिथून हलत नाही. ४ ते ६ आठवडे धरा. दिवस मोजायचे ते पहिल्या निगेटिव्ह कल्चरपासून. औषधाचा पहिला डोस कधी दिला त्याचा इथे संबंध नाही. निगेटिव्ह येईपर्यंत दर २४–४८ तासांनी कल्चर पाठवा, प्रत्येक बाटलीत ८–१० मिली रक्त. कमी रक्त भरलं की खोटं निगेटिव्ह येतं आणि सगळा हिशेब चुकतो.

कॅथेटर काढाच. कल्चर निगेटिव्ह आल्याशिवाय नवा टनेल्ड घालू नका. या रुग्णांच्या झडपांवर कॅल्शियम साचलेलं असतं, त्यामुळे छातीवरून केलेल्या साध्या इकोवर (हृदयाची सोनोग्राफी) विसंबू नका, अन्ननलिकेतून करा. पाठ दुखत असेल तर एमआरआय. आणि मोजे उतरवून दोन्ही तळवे बघा! संवेदना गेलेल्या पायातली जखम रुग्ण आपणहून सांगत नाही.

उत्तर (नेफ्रॉलॉजी)
वरच्या सगळ्याशी सहमत. व्हॅन्कोमायसिन सुरू असेल तर आजच बदला. डायलिसिसला द्यायला सोयीचं म्हणून ते तसंच चालू राहतं, पण या जंतूवर सेफॅझोलिन सरस आहे. डायलिसिस संपल्यावर २ ग्रॅम, पुढच्या वेळी २ ग्रॅम, दोन दिवसांच्या खंडाआधी ३ ग्रॅम. डायलिसिसच्या आधी दिलं तर बरंचसं मशीनमध्येच धुऊन जातं. डायलिसिस चुकलं की डोसही चुकतो, हे घरच्यांना बजावून सांगा. आणि कृपया दंडातून पिक लाइन (औषधासाठी शिरेतून आत नेलेली लांब नळी) घालू नका, त्या शिरा उद्याच्या फिस्टुलासाठी (डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडणं) लागणार आहेत.

उत्तर (अतिदक्षता)
चार्लसनबद्दल. अवयवांवर परिणाम झालेला मधुमेह २, किडनी २, म्हणजे वय न धरताही ४. पण १९८७ सालची ही मोजणी वर्षभरातल्या मृत्यूच्या अंदाजासाठी बांधली होती. या घडीला रुग्ण किती गंभीर आहे ते पिट स्कोअर सांगतो: तापमान, बीपी, व्हेंटिलेटर, हृदय बंद पडणं, शुद्ध. ४ किंवा जास्त म्हणजे गंभीर. नातेवाइकांना आकडा सांगू नका. झडप आणि मणका तपासून होईपर्यंत धोका टळलेला नाही, एवढं स्पष्ट सांगा.

बीटा-ब्लॉकर सुरू आहे का पाहा. ते औषध नाडी वाढू देत नाही, म्हणून नाडी ८० दिसली तरी निर्धास्त राहू नका.

प्रश्नकर्ता
बीटा-ब्लॉकर आहे. ग्रॅम-निगेटिव्हला (ई. कोलाय वगैरे वेगळ्या गटातले जंतू) ७ दिवस पुरतात असं वाचलं, म्हणून १४ भरपूर वाटले होते.

उत्तर (संसर्गरोग)
७ विरुद्ध १४ दिवसांच्या बॅलन्स चाचणीत स्टॅफ ऑरियसचे रुग्ण मुळात घेतलेच नव्हते. तो निष्कर्ष इथे लावू नका.