मदत हवी आहे : कपाशीची फुलं भुंगेऱ्यांपासून झाकायची कशी?

मी कीटकशास्त्राचं काम करतो. सध्या येवला आणि मालेगाव तालुक्यांत, शेतकऱ्यांच्या कोरडवाहू कपाशीवर मायलेब्रिस पुस्टुलाटाच्या नोंदी घेतोय. तोच, काळ्या पंखांवर नारिंगी पट्टे असलेला ब्लिस्टर बीटल. पाकळ्या आणि आतले पुंकेसर खातो हे दिसतंच. पण त्यामुळे बोंडं नेमकी किती कमी धरतात, हे मला मोजायचं आहे. कपाशीत आपोआप होणारी गळही भरपूर असते, म्हणून तुलनेला न खाल्लेली फुलं हवीत.

आधी मलमलच्या पिशव्या बांधून पाहिल्या. आत एकही भुंगेरा नव्हता, तरी बरीच फुलं गळाली. कपाशीत स्वपरागीभवन चांगलं होतं, त्यामुळे माझा संशय पिशवीतल्या उष्म्यावर आणि दमटपणावर आहे. मग दोन ओळींतले भुंगेरे रोज सकाळी वेचले (हातमोजे घालूनच, नाहीतर कातडीवर फोड येतात). तर दुपारपर्यंत बांधावरच्या तुरीवरून नवे हजर!

फवारणी करता येणार नाही. त्याने मधमाश्या आणि मित्रकीटकही मरतील, शिवाय याच भुंगेऱ्याच्या अळ्या नाकतोड्यांची अंडी खातात. फूल पहिल्या दिवशी फिकट पिवळं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. म्हणजे संरक्षण फार तर दीड दिवसाचं लागेल.

कुणी शेतात असा प्रयोग केला असेल तर सांगा : किती छिद्राची नायलॉन जाळी वापरली, ती एकेका फुलावर की अख्ख्या झाडावर, आणि काढली कधी?