लिथियम : नऊ वर्षे चांगली गेल्यावर गोळी थांबवावी का?

माझ्या थोरल्या भावाला बायपोलर विकार, म्हणजे उन्माद आणि नैराश्य यांचे झटके येणारा मानसिक आजार आहे. रोज रात्री ९०० मिलिग्रॅम लिथियम घेऊन त्याने गेली नऊ वर्षे उन्मादाच्या एकाही झटक्याविना काढली. मात्र औषधाचे दुष्परिणामही होत आहेत : आता त्याचा हात असा थरथरतो की ओठांशी नेताना कपातला चहा हिंदकळून बशीत सांडतो, आणि सही जुळत नाही म्हणून बँकेतून त्याला परत यावे लागते. तीन वर्षांपूर्वी थायरॉइडची गोळी सुरू झाली, यंदा क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम मंदावले की रक्तात वाढणारा घटक) ०.९ वरून १.४ वर गेले. आजार इतका शांत असताना मूत्रपिंडे पणाला लावून औषध चालू ठेवणे मला पटत नाही.

प्रतिसाद १

आपली काळजी मी समजू शकते, पण आजार शांत आहे तो औषधामुळेच, हे विसरून चालणार नाही. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी उन्मादाच्या दहा रुग्णांना लिथियम दिल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. त्यांतला पहिला रुग्ण वर्षानुवर्षांच्या आजारातून उठून घरी गेला, कामालाही लागला. पुढे त्याने औषध सोडले आणि तो पुन्हा रुग्णालयात दाखल झाला. आमच्या घरी हेच घडले. यजमानांनी बरे वाटते म्हणून गोळ्या एकदम बंद केल्या आणि सहाव्या आठवड्यात, चार रात्री डोळ्याला डोळा न लागलेल्या अवस्थेत, मुलीच्या शिक्षणाची ठेव मोडून एका प्लॉटचा इसार देऊन आले. शिवाय या विकारात आत्महत्येचा धोका कमी करण्याबाबत लिथियमइतका भक्कम पुरावा क्वचितच दुसऱ्या औषधामागे आहे.

धागाकर्ता

केड यांच्या त्या रुग्णाची हकिकत आपण अर्धीच सांगितलीत. औषध पुन्हा सुरू केल्यावर १९५० मध्ये तो लिथियमच्या विषबाधेने दगावला. उपकारक मात्रा आणि घातक मात्रा यांत फार थोडे अंतर आहे, आणि ते आम्ही घरात पाहिले आहे. दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या मे महिन्यात घामाने शरीरातले पाणी कमी झालेले, त्यातच गुडघेदुखीसाठी भाऊ आठवडाभर आयब्युप्रोफेन घेत होता. त्याची जीभ जड झाली, चालताना तोल जाऊ लागला. रक्तातले लिथियम १.७ निघाले. या वेदनाशामकाने पातळी वाढते, असे आम्हाला कोणीही सांगितले नव्हते.

प्रतिसाद १

ते सांगायलाच हवे होते, आणि याबाबतचा आपला राग रास्त आहे. परंतु केड यांच्या काळी रक्तातली पातळी मोजून मात्रा ठरवण्याची पद्धत नव्हती. आज ती आहे. सामान्यतः ०.६ ते ०.८ च्या आसपास काम भागते, त्यामुळे बंद करण्याआधी मात्रा कमी करता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. थांबवायचेच ठरले तरी ते त्यांच्या देखरेखीखाली आणि काही आठवडे ते तीन महिने हळूहळू उतरवत व्हावे, कारण एकदम सोडल्यास उन्माद उसळण्याची भीती अधिक असते. आणखी एक विचारते : लिथियमच्या पातळीच्या मागच्या तपासणीचे रक्त शेवटच्या गोळीनंतर किती तासांनी दिले होते?

धागाकर्ता

गोळी रात्री साडेअकराला, रक्त सकाळी सातला.

प्रतिसाद १

म्हणजे साडेसातच तास. बारा तासांनी घ्यायला हवे. आधी घेतले तर आकडा फुगलेला येतो. ती तपासणी पुन्हा करून घ्या.

धागाकर्ता

सोमवारीच करतो. पण मूत्रपिंडांचा प्रश्न उरतोच, आणि दुसऱ्या औषधावर जाता येईल का, हे मी त्याच भेटीत विचारणार आहे.