इयरबुकमध्ये नावाखाली काय लिहू? शुक्रवारपर्यंत द्यायचंय

गोदाकाठची दहावी

नमस्कार. मी नाशिकची, दहावीत, इंग्रजी माध्यम. आमची शाळा यंदा पहिल्यांदाच इयरबुक काढतेय. प्रत्येकाचा फोटो, खाली नाव आणि नावाखाली एक 'कोट'. गूगल फॉर्म आलाय. मर्यादा ६० कॅरेक्टर्सची, भाषा कुठलीही चालेल. सिनेमाचे डायलॉग नकोत, देवधर्म आणि राजकारण नको, कुणाला टोमणा नको. मुदत शुक्रवारची.

वर्गाचा ग्रुप बघितला तर थोर माणसं आधीच वाटून झालीत. गांधीजींचं 'बी द चेंज' तिघांनी घेतलंय. आइनस्टाइनचा मासा (झाडावर चढता येत नाही म्हणून त्याला 'ढ' ठरवू नका, तो) दोघांकडे. २७ फेब्रुवारीला दरवर्षी फळ्यावर येते ती लढायची ओळ मराठीवाल्या निम्म्या पोरांकडे. मीही गूगलवर शोधलं, पण जे सापडलं ते सगळं कुणीतरी पहाटे चारला उठून, थंड पाण्याने अंघोळ करून लिहिल्यासारखं. मी सातला उठते, तेही आई पंखा बंद करते म्हणून.

माझ्याकडे एक ओळ आहे, पण तिला कोट म्हणायचं का तेच कळत नाही. आमचं घर पंचवटीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा मी चौथीत होते. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आमच्याकडे एकच चौकशी: दुतोंड्या मारुतीच्या (गोदावरीच्या पात्रातली उंच मूर्ती) कुठपर्यंत आलं? गुडघा, कंबर, छाती. क्यूसेकचे आकडे बाबा मोठ्याने वाचून दाखवतात, पण भरवसा मारुतीवर. तर नववीत युनिट टेस्टच्या आदल्या दिवशी मैत्रीण रडकुंडीला येऊन विचारत होती, किती झालं तुझं, किती झालं. मी म्हटलं, 'पाणी अजून मारुतीच्या गुडघ्यालाच आहे.' तेव्हापासून वर्गात हेच चालतं. प्रिलिमला गणिताच्या पेपराआधी मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, 'गळ्यापर्यंत!' आणि अख्खा वर्ग हसला. सुपरव्हिजनच्या मॅडमना काही कळलंच नाही.

फॉर्ममध्ये मी हे टाकलं:

'पाणी अजून मारुतीच्या गुडघ्यालाच आहे, तोवर अभ्यासाला भरपूर वेळ आहे.'

फॉर्म लाल होतो, म्हणे मर्यादा ओलांडली. मी मोजली तर अक्षरं ३१ च भरतात! शिवाय मारुती म्हणजे देवधर्म धरतील का? आणि दादा म्हणतो, वीस वर्षांनी वाचशील तेव्हा लाजशील, काहीतरी दमदार घे. काय करू?

सिडकोचा सम्या

दादाच्या बाजूने एक मत. मी सिडकोत वाढलो. दुतोंड्या मारुती पहिल्यांदा बघितला तो कॉलेजात असताना, तोही कोणीतरी पूर बघायला ओढत नेलं म्हणून. तुमच्या वर्गात देवळाली कॅम्पातली, बाहेरून बदलीवर आलेल्यांची मुलं असणारच. इंग्रजी पुस्तकात एकच मराठी ओळ, त्यात मारुती, त्यात गुडघा. त्यांच्या आईवडिलांना वाटेल पोरीचा पाय दुखतोय. सगळ्यांना कळेल असं काहीतरी घे.

निवृत्त मराठीच्या बाई

मी शाळेत मराठी शिकवायचे. फळ्यावरचा सुविचार बदलायचं काम कायम माझ्याकडे, त्यामुळे दुसऱ्यांची वाक्यं भिंतीवर लावण्यातच नोकरी सरली म्हटलंस तरी चालेल. म्हणून थोडं लांबण लावते.

दुसऱ्याचं वाक्य घ्यायला हरकत नाही, पण ते त्याचंच आहे ना एवढं तरी बघावं. तुझ्या ग्रुपातल्या त्या तिघांना सांग, 'बी द चेंज' या शब्दांत गांधीजींच्या लेखनात कुठे सापडत नाही. त्याच्या जवळ जाणारं आहे ते १९१३ च्या 'इंडियन ओपिनियन'मधलं. आरोग्यावर त्यांची लेखमाला चालू होती, त्यात. आणि तो लेख कशावर, तर सर्पदंशावर! माणूस स्वतःचा स्वभाव बदलतो तसा जगाचा त्याच्याशी वागण्याचा कल बदलतो, असा काहीसा मुद्दा आहे. मला पोस्टरवरच्या वाक्यापेक्षा हे सापासकटचं जास्त आवडतं. आइनस्टाइनच्या त्या माशाला तर कसलाच आधार मिळालेला नाही. तुकोबांचं विचारूच नकोस. कुठल्याही ओळीच्या शेपटाला 'तुका म्हणे' लावलं की व्हॉट्सॅपवर अभंग तयार. गाथेत साडेचार हजारांवर अभंग आहेत, शंका आली तर सावानात, म्हणजे सार्वजनिक वाचनालयात, जाऊन चाळावी. १८४० पासूनचं वाचनालय आपल्या गावात आहे, त्याचा एवढा तरी उपयोग करा. लढायची ओळ घेतलेल्यांना माझा निरोप: खाली 'कुसुमाग्रज' लिहा, 'वि. वा. शिरवाडकर' नको. कविता त्या नावाने, नाटकं या नावाने.

आता तुझं. माझ्या एका जुन्या तुकडीने मध्यंतरी त्र्यंबक रोडला स्नेहमेळावा केला, मलाही बोलावलं होतं. एकीने दहावीची स्मरणिका जपून ठेवली होती, ती घेऊन आली. पोरांनी खेळ काढला. एकाने नाव झाकून नुसतं वाक्य वाचायचं, बाकीच्यांनी ओळखायचं कुणाचं. 'यशाला जवळचा रस्ता नसतो' हे कुणाचं? कुणालाच सांगता येईना, ज्याचं होतं त्यालाही नाही. 'प्रयत्नांती परमेश्वर' तर चौघांचं निघालं. मग वाचलं, 'सर, चेन पडली होती.' सगळे एकदम नाव घेऊन ओरडले. तो मुलगा मखमलाबादहून सायकलने यायचा आणि रोज उशिरा यायचा. आता त्याची द्राक्षबाग आहे, गाडी आहे. तरी त्या दिवशीही तो आला जेवणं सुरू झाल्यावर, आणि फाटकातच पोरांनी त्याला विचारलं, 'काय रे, चेन पडली का?'

दादाला सांग, वीस वर्षांनी माणूस लाजतो ते वयाला न शोभणारं भारदस्त वाक्य वाचून. आणि सम्या, सगळ्यांना कळेल असं लिहायला पोरगी काय रेल्वे स्टेशनवरची पाटी रंगवतेय? ते पुस्तक पुन्हा उघडणार कोण, तर त्याच वर्गातली मुलं. देवळाली कॅम्पातल्या मुलांनीही 'गळ्यापर्यंत' ऐकून हसायचं ते हसून घेतलंय.

स्वल्पविरामापुढचं मात्र काढून टाक. गंमत सांगून झाली की ती समजावत बसू नये. मारुतीचं म्हणशील तर तुझ्या ओळीत तो पूजेला नाही, पाणी मोजायला आहे. पण फॉर्म भरून मोकळी होऊ नकोस, वर्गशिक्षिकेला आधी भेट आणि पुराचं सगळं सांग. नाहीतर ऐनवेळी कोणीतरी तुझी ओळ खोडून तिथे 'बी द चेंज' टाकेल.

सातपूर डीटीपी

मोजणीचं मी सांगतो. तुझी ३१ अक्षरं बरोबर आहेत, पण फॉर्म अक्षरं मोजतच नाही. काना, मात्रा, वेलांटी, उकार, पाय मोडल्याची खूण, सगळं त्याच्या लेखी वेगळं कॅरेक्टर. 'च्या' हे तुझं एक अक्षर, त्याची चार: च, पाय मोडल्याची खूण, य आणि काना. तुझी अख्खी ओळ मोकळ्या जागा आणि चिन्हं धरून ६६ होते. बाई म्हणतात तसं 'आहे'पाशी थांबलीस तर पूर्णविरामासकट ३६.

खरी काळजी छपाईची कर. इंग्रजी पुस्तकात चारदोन ओळी मराठी असल्या की ऑपरेटरचं तिकडे लक्ष नसतं. युनिकोडमधला (मोबाइलवर टाइप होतो तो) मजकूर श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये फिरवला की जोडाक्षरं फुटतात. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट चिकटवला आणि त्यातला 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' हा पर्याय निवडलेला नसला, तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षर जुळतच नाही. तुझ्या ओळीत पहिली वेलांटी एकही नाही, तेवढं नशीब. पण गुडघ्याचा पाय मोडू शकतो. मोबाइलवर ओळ नीट दिसतेय तिचा स्क्रीनशॉट मॅडमकडे देऊन ठेव, प्रूफ आलं की शेजारी धरून जुळवायला. छापायला मात्र तो देऊ नका, फाटतो, म्हणजे अक्षरं धुरकट येतात.

गोदाकाठची दहावी

बाई, काका, खूप आभार. मॅडम मालेगावच्या निघाल्या, दुतोंड्या मारुती त्यांना माहीतच नव्हता. पूर्ण गोष्ट सांगितली तर म्हणाल्या, म्हणजे तो प्रिलिमचा आरडाओरडा हाच का? बहुतेक त्या दिवसाची तक्रार त्यांच्याकडे गेली होती. मग प्रिन्सिपलना विचारून आल्या आणि 'चालेल' म्हणाल्या. लांब शेपूट काढलं. सर्पदंशाचं ग्रुपवर टाकलं तर तिघांपैकी एकाने आता 'सापापासून सावध रहा – मो. क. गांधी' असं भरलंय. त्याला कसं समजावू?

अजून एक. त्या रडकुंडीच्या मैत्रिणीला स्वतःच्या नावाखाली 'गळ्यापर्यंत!' एवढंच हवंय. पण फोटो आडनावाच्या क्रमाने आहेत, आम्ही दोघी वेगवेगळ्या पानांवर जातो. शेजारी आणता येईल का?

निवृत्त मराठीच्या बाई

त्याला समजावायची जबाबदारी माझी नाही. पण ओळ चांगली आहे, फक्त गांधीजींचं नाव काढून स्वतःचं लिही म्हणावं.

सातपूर डीटीपी

शेजारी आणू नका. क्रमात एक नाव हललं की पुढचे सगळे फोटो सरकतात आणि कुणाच्या तरी तोंडाखाली दुसऱ्याचंच नाव छापलं जातं, हे दर वर्षी एखाद्या शाळेत होतं. वेगळ्या पानांवरच राहू द्या, वर्गाला कळायचं ते कळेल. प्रूफ बघायला मात्र दोघी जा, आणि ओळ वाचायच्या आधी आडनाव वाचा.