अश्दोदच्या ट्रंकेतली मोडी वही – मदत हवी

नमस्कार मंडळी,
सासूबाईंचं इस्रायलमधल्या अश्दोदचं घर आवरताना आजेसासूबाईंची पत्र्याची ट्रंक निघाली, आत मराठी हग्गादा (पेसाह सणाच्या रात्री वाचायची पोथी), लग्नाचा कतुबा (ज्यू लग्नाचा करारनामा), अलिबागहून आलेली पत्रं आणि एक अख्खी वही मोडीत. मुलांना मराठी वाचता येत नाही, म्हणतात फोटो काढ नि टाकून दे. मला काही धीर होत नाही, काय करू?

---

ताई, हात जोडतो, काही टाकू नका! हग्गादावर साल बघा आधी. मुंबईत १८४६ साली मराठी भाषांतरासकट शिळाप्रेसवर छापलेली निघाली होती, पुण्याची १८७४ ची, तिच्यात पेसाहची रोटी करणाऱ्या बायका चक्क लुगड्यात दाखवल्यात.

वहीत "मशीद" आलं तर घोळात पडू नका, आपले बेने इस्रायल लोक, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, सिनेगॉगलाच (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला) मशीद म्हणायचे. आणि नावं दोन-दोन असतात बरं का. १७९६ साली मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर, त्यांनाच घरात-गावात सामाजी हसाजी म्हणत, म्हणजे कतुबात एक नाव नि वहीत दुसरं असलं तरी माणूस एकच असू शकतो. पेणकर, किहिमकर अशी आडनावं आली की गावही कळलं. हे सगळं मराठी माणसालाच पटकन दिसणार, म्हणून कळकळीने लिहितोय.

कागदांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच नको. ट्रंकेत ज्या क्रमाने होतं तसंच राहू द्या, फोटोंच्या मागे पेन्सिलने हलक्या हाताने नावं लिहा आणि ती सासूबाईंना विचारून आजच लिहा. मग जेरुसलेमच्या नॅशनल लायब्ररीला लिहा, ज्यू समाजांच्या इतिहासाचं केंद्रीय अर्काइव्ह तिथेच आहे. मूळ कागद द्यायचे की नुसते स्कॅन ते सावकाश ठरवा.

---

मला मोडी येते, दोन पानं पाठवा ना, उजेडात आणि सावली न पडता काढलेली.

---

पाठवली होती, आणि दादांनी रात्रीत वाचून दिली, खूप खूप आभार! पहिलं पान मलिद्याच्या (नवस-शुभकार्याला करतात त्या नैवेद्याच्या) सामानाचं निघालं: पोहे, गूळ, नारळ, वेलची, फळं, आणि खाली कोणाकोणाला बोलवायचं ती नावं. सासूबाईंना फोनवर वाचून दाखवली तर तिसऱ्या नावाला त्या म्हणाल्या, थांब गं, ही माझी मावशी. आता रोज संध्याकाळी एक पान वाचतोय, त्या सांगतात तसं मी लिहून घेते.